16,900 पांढऱ्या पेशी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॅलवे हे शहर आहे. मूळची बेळगावची सविता हलप्पनवार तिथे नवऱ्यासोबत राहत होती. वय 31, व्यवसायाने दंतवैद्य. पहिलेच गरोदरपण होते आणि सतरावा आठवडा चालू होता.

28 ऑक्टोबर 2012 रोजी मध्यरात्रीनंतर 1 वाजून 9 मिनिटांनी गॅलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. कारण होते ई. कोलाय या जंतूचा रक्तात पसरलेला संसर्ग.

या मृत्यूची तीनदा चौकशी झाली. आधी कोरोनरपुढे मृत्यूचौकशी, मग आयर्लंडच्या आरोग्य सेवेची चौकशी आणि शेवटी आरोग्याच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाची. तिन्ही वेळा केसपेपर उघडले गेले. त्यात वेळा होत्या आणि आकडेही होते. पुढे दिलेला घटनाक्रम या चौकश्यांतून बाहेर आलेल्या नोंदींचा आहे.

रविवार, 21 ऑक्टोबर, सकाळी 9.35
उरलेले तास 159

सविता नवऱ्यासोबत स्त्रीरोग वार्डात येते. तक्रार एकच आहे, कंबर आणि पाठीचा खालचा भाग दुखतो. डॉक्टर तपासतात, फिजिओथेरपीचा सल्ला देतात आणि तिला घरी पाठवतात.

गरोदरपणात पाठ दुखणे ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेक वेळा कारण स्नायूंचे असते. पण याच दुखण्यामागे आणखी दोन कारणे असू शकतात. एक, गर्भाशयाच्या कळा. दोन, मूत्रमार्गाचा संसर्ग. म्हणून पाठ धरून आलेल्या गरोदर बाईच्या बाबतीत ही दोन कारणे नाहीत याची आधी खात्री करून घ्यायची असते.

मूत्रमार्गाचा संसर्ग गरोदरपणात खास जपण्यासारखा असतो. या काळात संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढते गर्भाशय त्यांच्यावर दाब देते आणि लघवी तुंबून राहते. शंभरातल्या 2 ते 10 गरोदर बायकांच्या लघवीत जंतू वाढत असतात आणि त्यांना काहीच जाणवत नाही. जळजळ नाही, ताप नाही. उपचार न झाल्यास अशा बायकांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्शापर्यंत बायकांमध्ये जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतात. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात एडवर्ड कॅस या डॉक्टरांनी हे 1950 आणि 60 च्या दशकांत दाखवून दिले. एक मिलिलिटर लघवीत 1 लाख किंवा त्याहून जास्त जंतू आढळले तर तो संसर्ग धरावा, ही मर्यादाही त्यांच्याच कामातून रूढ झाली. या जंतूंमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो ई. कोलाय.

सविताच्या शरीरात जंतू मूत्रमार्गातून आला, असे मृत्यूचे अधिकृत कारण म्हणत नाही. तो जननमार्गातून वर चढला असे ते म्हणते. वाट वेगळी होती, जंतू तोच होता.

रविवार, दुपारी 3.30
उरलेले तास 153

सहा तासांत ती परत येते. दुखणे आता सहन होत नाही. काहीतरी खाली सरकते आहे असे ती सांगते.

तपासणीत दिसते की गर्भपिशवी खाली आली आहे. गर्भपात टळणार नाही, असे निदान होते. ते तिला आणि नवऱ्याला सांगितले जाते आणि तिला दाखल करून घेतले जाते.

सतराव्या आठवड्यातला गर्भ आईच्या पोटाबाहेर जगू शकत नाही. त्यासाठी किमान 23 ते 24 आठवडे लागतात. बाळ वाचणार नाही हे या घडीला ठरलेले आहे. आईच्या जिवाला मात्र अजून धोका दिसत नाही.

रविवार, संध्याकाळ

दाखल करताना रक्ताचा नमुना घेतला जातो. प्रयोगशाळा त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजते. आकडा येतो 16.9, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये 16,900.

एरवी हा आकडा 11,000 च्या आत असतो. गरोदरपणात तो चढतो आणि 15 ते 16 हजारांपर्यंत गेला तरी डॉक्टर लगेच घाबरत नाहीत. 16,900 हा आकडा त्या रेषेच्या किंचित वर आहे. एवढ्यावरून संसर्ग आहे असे म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. अशा वेळी रिवाज साधा आहे. आकड्याची नोंद घ्यायची, काही तासांनी पुन्हा रक्त तपासायचे आणि तो चढतो आहे की उतरतो आहे ते पाहायचे.

आकडा प्रयोगशाळेतून आला. बुधवारपर्यंत त्याचा पाठपुरावा झाला नाही.

सोमवार, 22 ऑक्टोबर, मध्यरात्रीनंतर 12.30
उरलेले तास 144

तिला उलटी होते आणि पाणी जाते. गर्भपिशवी फुटली आहे.

तोवर गर्भपिशवी बंद होती आणि आतली जागा निर्जंतुक होती. आता योनीमार्गापासून गर्भाशयापर्यंतची वाट उघडी आहे. यापुढे जितका वेळ जाईल तितका जंतू वर चढण्याचा धोका वाढत जाईल.

ई. कोलायला प्रयोगशाळेत पोषक द्रव आणि ऊब मिळाली की तो सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. त्या हिशेबाने एका जंतूपासून 7 तासांत 20 लाखांहून जास्त जंतू होतात. शरीरात वेग कमी असतो, कारण तिथे प्रतिकार होतो. पण वाढ होते ती दुपटीनेच. सुरुवातीला बराच वेळ काहीच दिसत नाही. दिसू लागते तेव्हा हाताशी वेळ थोडा राहिलेला असतो.

रुग्णालयात यासाठी लेखी नियम होता. पिशवी फुटलेल्या बाईचा ताप, नाडी आणि इतर मोजमापे दर 4 तासांनी घ्यायची. हा नियम पाळला गेला नाही, असे पुढे चौकशीत आढळले.

सोमवार, सकाळ

सल्लागार डॉक्टरांचा राउंड होतो. गर्भाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. निसर्गाने जे व्हायचे ते होईपर्यंत थांबायचे आणि ठोके तपासत राहायचे, असे ठरते.

ज्या गर्भाचे वाचणे शक्य नाही त्याचे ठोके रोज तपासले जात आहेत. ज्या बाईचे वाचणे पूर्णपणे शक्य आहे तिच्या नाडीकडे मात्र नियमाप्रमाणे लक्ष नाही.

सोमवार, रात्र

पाणी जाऊन जवळपास अख्खा दिवस उलटल्यावर प्रतिजैविक सुरू होते. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या.

पिशवी अकाली फुटली की एरिथ्रोमायसिन देण्याची पद्धत 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश चाचणीनंतर रूढ झाली. ती चाचणी बाळाला पोटात आणखी दिवस मिळावेत आणि त्याची तब्येत सुधारावी यासाठी होती. ई. कोलायवर हे औषध फारसे चालत नाही. सविताच्या शरीरात कोणता जंतू आहे हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

मंगळवार, 23 ऑक्टोबर, सकाळी 8.20
उरलेले तास 112

राउंडच्या वेळी सविता आणि तिचा नवरा विचारतात की बाळ वाचणार नाही हे नक्की असेल तर गर्भपात करून देता येईल का. हे असे ताटकळणे तिला सोसवत नाही.

सल्लागार डॉक्टर सांगतात की ठोके सुरू आहेत आणि तिच्या जिवाला आत्ता धोका दिसत नाही, त्यामुळे कायदा परवानगी देत नाही.

आयर्लंडच्या संविधानात 1983 साली आठवी दुरुस्ती झाली होती. पोटातल्या गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क तिने दिला होता. 1992 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक अपवाद मान्य केला. आईच्या जिवाला खरा आणि मोठा धोका असेल तरच गर्भपात करता येईल. धोका जिवाला हवा, तब्येतीला असून चालणार नाही. भारतात 1971 पासूनच्या कायद्यानुसार 2012 साली 20 आठवड्यांपर्यंत गर्भपाताला वाव होता. सतराव्या आठवड्यातल्या अशा बाईला बेळगावात, कोल्हापुरात किंवा पुण्यात वेगळे उत्तर मिळू शकले असते.

या कायद्यामुळे डॉक्टरांच्या हाती एकच किल्ली उरली होती, जिवाला धोका असल्याचा पुरावा. तो पुरावा ताप, नाडी, रक्तदाब आणि रक्ताचे अहवाल यांतूनच मिळणार होता. जिथे धोका सिद्ध होईपर्यंत हात बांधलेले आहेत तिथे मोजमापे दुप्पट काटेकोर हवीत. रविवारचा 16,900 हा आकडा या सकाळच्या चर्चेत आला नाही.

मंगळवार, संध्याकाळी 7.00
उरलेले तास 102

सविताची नाडी मोजली जाते. ती मिनिटाला 114 आहे.

गरोदरपणात नाडी थोडी जलद चालते, मिनिटाला 10 ते 20 ठोके जास्त. पण पडून असलेल्या बाईची नाडी 100 च्या वर गेली की कारण शोधावे लागते. ताप नाही म्हणून थांबता येत नाही. संसर्ग अंगात भिनू लागला की कित्येकदा आधी नाडी चढते आणि ताप मागून येतो.

आता कागदावर दोन खुणा आहेत. रविवारच्या पांढऱ्या पेशी 16,900 आणि मंगळवारची नाडी 114. सोबत तिसरी गोष्ट आहे, पिशवी फुटून 42 तास झाले आहेत. तिन्ही बाबी एका नजरेखाली आल्या असत्या तर संशय यायला हरकत नव्हती. प्रत्येक बाब वेगळ्या वेळी, वेगळ्या माणसाच्या हाती होती. त्या एकत्र मांडायला वार्डात एकच तक्ता नव्हता.

पुढची रात्र सुरू होते.

बुधवार, 24 ऑक्टोबर, पहाटे 4.15
उरलेले तास 92

भारतात हा दसऱ्याचा दिवस आहे.

सविताला हुडहुडी भरते. दात वाजत आहेत. उलटी होते. परिचारिका तिला पॅरासिटामॉल आणि जास्तीचे पांघरूण देतात.

जंतू किंवा त्यांची विषे रक्तात उतरली की मेंदू शरीराचे तापमान वर चढवायला सांगतो. स्नायू थरथरून उष्णता तयार करतात, त्यामुळे माणसाला थंडी वाजते. ताप चढायच्या आधीची ही पायरी असते. पाणी गेलेल्या बाईला हुडहुडी भरली की गर्भाशयाच्या संसर्गाचा विचार आधी करायचा असतो. ताबडतोब डॉक्टर बोलवायचे, रक्त कल्चरला पाठवायचे आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू करायचे.

डॉक्टर सव्वादोन तासांनी तपासतात.

या सव्वादोन तासांचे मोल कळावे म्हणून एक आकडा. सेप्टिक शॉकच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तदाब घसरल्यावर पहिल्या 6 तासांत योग्य प्रतिजैविक मिळायला जितका उशीर होतो, त्याच्या दर तासाला जगण्याची शक्यता सरासरी 7.6 टक्क्यांनी घटते, असे त्यात दिसले.

बुधवार, सकाळी 6.30
उरलेले तास 90

ताप 39.6 अंश सेल्सियस, म्हणजे 103 फॅरनहाइटच्या वर. नाडी मिनिटाला 160. रक्तदाब 94/55. योनीतून येणाऱ्या स्रावाला दुर्गंधी आहे.

हे चारही निष्कर्ष कागदावर लिहिले जातात. यातल्या शेवटच्या गोष्टीला सगळ्यात जास्त वजन आहे. संसर्ग नेमका कुठे आहे ते दुर्गंधीने कळते, आणि जोवर गर्भाशय रिकामे होत नाही तोवर औषधांचा पुरता उपयोग होणार नाही हेही कळते.

गर्भपिशवीचा संसर्ग असावा असा संशय नोंदवला जातो. शिरेतून को-अमॉक्सिक्लाव सुरू होते. रक्ताचे नमुने घेतले जातात. त्यातला एक लॅक्टेटसाठी असतो. पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की रक्तातले लॅक्टेट वाढते. सेप्सिस किती पुढे गेला आहे हे सांगणारी ही एक झटपट चाचणी.

लॅक्टेटचे रक्त चुकीच्या बाटलीत गेलेले असते. प्रयोगशाळा ते तपासत नाही.

बुधवार, सकाळी 8.25
उरलेले तास 88

राउंड. सल्लागार डॉक्टर सविताला पाहतात. सेप्सिसचा संशय त्यांनाही येतो. उपचार चालू ठेवायचे आणि संसर्गाचे दुसरे काही ठिकाण आहे का तेही पाहायचे, असे ठरते.

दुर्गंधीची नोंद त्यांच्यापर्यंत पोचत नाही. ती दोन तासांपूर्वी लिहिलेली आहे, त्याच केसपेपरात. तेव्हा कळले असते तर गर्भपाताचा निर्णय आधी घेतला असता, असे त्यांनी पुढे मृत्यूचौकशीत सांगितले.

कायद्याला हवा होता तो पुरावा सकाळी साडेसहापासून तयार होता.

बुधवार, दुपारी 1.00
उरलेले तास 84

सविता सेप्टिक शॉकमध्ये आहे. सलाईन देऊनही रक्तदाब सावरत नाही. सूक्ष्मजीवतज्ज्ञांचा सल्ला घेऊन प्रतिजैविके वाढवली जातात.

सल्लागार डॉक्टर दुसऱ्या वरिष्ठ सहकाऱ्याशी बोलतात. आता जिवाला धोका स्पष्ट आहे, ठोके असोत वा नसोत, गर्भपात करायचा, असे ठरते. पाणी जाऊन साडेसाठ तास झाले आहेत. सविताने स्वतः विचारल्याला 28 तास झाले आहेत.

सोनोग्राफी केली जाते. गर्भाचे ठोके थांबलेले आहेत.

बुधवार, दुपारी 3.15
उरलेले तास 81

तिला शस्त्रक्रियागृहात नेलेले आहे. तिथे गर्भ आपोआप बाहेर येतो. औषध द्यायची गरज पडत नाही.

बुधवार, दुपारी 4.45
उरलेले तास 80

तिला जास्त देखरेखीच्या कक्षात हलवले जाते. संसर्गाचे मूळ ठिकाण आता रिकामे आहे. पण जंतू रक्तात आहेत आणि शरीराची स्वतःची प्रतिक्रिया आता रक्तवाहिन्या, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडवते आहे.

गुरुवार, 25 ऑक्टोबर, पहाटे 3.00
उरलेले तास 70

अतिदक्षता विभाग.

पुढे कल्चरमध्ये जंतूचे नाव कळते. ई. कोलाय आणि तोही ईएसबीएल तयार करणारा. ईएसबीएल हे जंतूने बनवलेले विकर आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बरीचशी नेहमीची औषधे ते तोडून टाकते. बुधवारी सकाळी दिलेल्या को-अमॉक्सिक्लावचाही अशा जंतूवर भरवसा धरता येत नाही.

कल्चरला वेळ लागतो. जंतू वाढून दिसायला सुमारे एक दिवस आणि कोणत्या औषधाला तो दाद देतो ते कळायला आणखी एक. म्हणून रक्त मंगळवारी संध्याकाळी, नाडी 114 असताना, कल्चरला जायला हवे होते.

गुरुवार ते शनिवार

अवयव एकामागून एक साथ सोडतात. यंत्रे आणि औषधे चालू राहतात. या तीन दिवसांत करण्यासारखे जे होते ते केले गेले. चौकश्यांचे बोट या दिवसांकडे नाही. ते त्याआधीच्या तीन दिवसांकडे आहे.

रविवार, 28 ऑक्टोबर, मध्यरात्रीनंतर 1.09
उरलेले तास 0

मृत्यू.

यानंतर

14 नोव्हेंबर 2012 रोजी ही बातमी ‘आयरिश टाइम्स’मध्ये आली. त्यानंतर आयर्लंडभर, लंडनमध्ये आणि भारतातही निदर्शने झाली.

एप्रिल 2013 मध्ये गॅलवेत मृत्यूचौकशी झाली. ज्यूरीने एकमताने ‘वैद्यकीय दुर्घटना’ असा निर्णय दिला. डब्लिनच्या राष्ट्रीय प्रसूती रुग्णालयाचे माजी प्रमुख साक्षीला आले होते. सोमवारी किंवा मंगळवारी गर्भपात झाला असता तर ती बहुधा जगली असती, पण त्या दोन दिवशी कायद्याने तो करता आला नसता, असे त्यांनी सांगितले.

जून 2013 मध्ये आरोग्य सेवेचा अहवाल आला. त्याने तीन कारणे सांगितली. तपासणी आणि देखरेख अपुरी होती. पिशवी फुटल्यावर धोका तासागणिक वाढत असताना सगळे पर्याय रुग्णापुढे ठेवले गेले नाहीत. आणि सेप्सिस दिसल्यावर त्याच्या उपचाराचे नियम पाळले गेले नाहीत.

ऑक्टोबर 2013 मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाचा अहवाल आला. वेगळे पाऊल उचलले असते तर शेवट बदलू शकला असता, अशा 13 जागा त्यात मोजलेल्या आहेत.

त्याच अहवालात एक जुने प्रकरण आहे. मार्च 2007 मध्ये आयर्लंडमधल्याच द्रोहेडा शहरातल्या रुग्णालयात एक पोलीस सार्जंट बाळंतपणानंतर सेप्सिसने दगावली होती. तिचीही पिशवी अकाली फुटली होती. तेव्हाही चौकशी झाली, अहवाल आला, शिफारशी झाल्या. सविताच्या मृत्यूनंतर प्राधिकरणाने देशातल्या 19 प्रसूती रुग्णालयांना विचारले की त्या शिफारशींचे काय झाले. तपशीलवार उत्तर फक्त 5 रुग्णालयांना देता आले.

म्हणजे या घटनाक्रमाची सुरुवात रविवारी सकाळी 9.35 ला नाही. ती साडेपाच वर्षे आधीची आहे.

मग सुधारणा झाल्या. 2013 मध्ये आयर्लंडच्या प्रसूती विभागांत गरोदर आणि बाळंतिणींसाठी एकच तक्ता आला. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब एकाखाली एक भरायचे आणि आकडा हद्दीबाहेर गेला की तो रंगीत चौकटीत पडतो. ठरावीक चौकटी रंगल्या की डॉक्टरांना बोलवणे बंधनकारक. 2014 मध्ये सेप्सिसची राष्ट्रीय नियमावली आली. 25 मे 2018 रोजी सार्वमतात 66.4 टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला.

सविताची आठवण निघाली की बहुतेक वेळा बोलणे कायद्यावर होते. ते योग्यच आहे. तो कायदा नसता तर मंगळवारी सकाळी तिला हवे ते मिळाले असते. पण तिन्ही चौकश्यांनी दुसरी एक गोष्टही तितक्याच ठामपणे सांगितली आणि ती ऐकायला देश बदलावा लागत नाही. नमुना घेणे म्हणजे तपासणी नव्हे. निकाल वाचणे, तो त्या रुग्णाच्या इतर आकड्यांशेजारी ठेवणे आणि त्यावर वेळेत पाऊल उचलणे, एवढे सगळे मिळून तपासणी होते. रविवारी रक्त घेतले गेले होते. आकडाही बरोबर आला होता. पुढची अर्धी तपासणी झालीच नाही.

महाराष्ट्रात गरोदर बाईची लघवी तपासली जाते. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि दर महिन्याच्या 9 तारखेच्या शिबिरात. पट्टी लघवीत बुडवून पाहायचे असते ते मुख्यतः अल्ब्युमिन आणि साखर. त्या दोन्ही चाचण्या गरजेच्या आहेत. पण ज्या संसर्गाची बाईला स्वतःला चाहूल नाही तो त्यांत दिसत नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये कल्चरची शिफारस केली. कल्चरची सोय नसेल तिथे पट्टीपेक्षा लघवी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी, असेही सांगितले. जंतू आढळले तर सात दिवसांचे प्रतिजैविक पुरते. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला तर तीव्र ताप, अकाली कळा आणि सेप्सिस हे सगळे संभवते.

खर्च आणि यंत्रे हा अडचणीचा एक भाग झाला. दुसरा भाग वेळेचा आहे. लघवीचा नमुना साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहिला तर त्यातले जंतू वाढतात आणि निकाल खोटा येतो. तो लवकर पोचवावा लागतो किंवा थंड ठेवावा लागतो. निकाल यायला दोन दिवस लागतात. तोवर बाई एसटीने गावी परतलेली असते. कागद केंद्रात पडून असतो आणि ती घरी. तिला काही दुखत नाही, त्यामुळे ती आपणहून परत येणार नाही. दोघांची गाठ कोणी घालून द्यायची हे ठरलेले नसेल, तर तो निकाल गॅलवेच्या 16,900 इतकाच निरुपयोगी आहे.

म्हणून मागणी फक्त जास्त चाचण्यांची करून भागणार नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर तीन गोष्टी त्याच कागदावर लिहिल्या गेल्या पाहिजेत. निकाल कधी येणार, तो कोण वाचणार आणि हद्दीबाहेर असेल तर बाईला निरोप कोण देणार. वेळ, नाव आणि फोन नंबर. गरोदर बाईने, तिच्या नवऱ्याने, सासूने आणि आशाताईंनी नमुना दिल्यावर हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत आणि उत्तर मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नये.